'बसा आणि हलकं खा' : मायेने दिलेला चुकीचा सल्ला

शनिवार पेठेत ओंकारेश्वराकडच्या गल्ल्यांत, मेहुणपुऱ्यात, वर्तक बागेच्या आसपास कुठल्याही घरात सत्तरी उलटलेलं माणूस "गुडघे फार ठणकतात" असं म्हणालं, की ठरलेली उत्तरं येतात. "वयोमानाप्रमाणे व्हायचंच." "आई, तुम्ही बसा, कशाला हात लावू नका." "रात्री जड नको, मऊ भात घ्या." ही उत्तरं देणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. सून ऑफिसातून येऊन तशीच स्वयंपाकाला लागलेली असते, मुलगा येताना गोळ्या घेऊन येतो, नातू परगावाहून फोन करून चौकशी करतो. सगळे आपापल्या परीने करत असतात. पण सल्ला चुकीचा आहे. तो जितक्या मनापासून पाळला जातो, तितकं म्हाताऱ्या माणसाचं दुखणं वाढतं.

दुखतं म्हणून आजी बसते. बसल्याने मांडीचे आणि कमरेचे स्नायू रोडावतात. जेवण आधीच निम्म्यावर आणलेलं असल्यामुळे ते पुन्हा भरत नाहीत. जो भार या स्नायूंनी उचलायचा तो झिजलेल्या सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. मग घरचे आणखी बसायला सांगतात. आधी मंडई सुटते, मग देऊळ, मग जिना, आणि शेवटी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतचं अंतरही कुणाच्या तरी हाताला धरून कापावं लागतं. लोक याला म्हातारपण म्हणतात. यातला मोठा भाग मात्र घरात रोज पाळल्या जाणाऱ्या दोन नियमांनी घडवलेला असतो.

पहिला नियम विश्रांतीचा. २००७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सरासरी ६७ वर्षांच्या, कुठलाही आजार नसलेल्या माणसांना त्यांनी दहा दिवस अंथरुणात ठेवलं. दहाच दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं आणि गुडघा ताणणाऱ्या स्नायूंची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी घटली. हे लोक उपाशी नव्हते, त्यांना प्रथिनांची शिफारस केलेली मात्रा मिळत होती. आता पेठेतल्या आजीचा विचार करा. ती वयाने दहा-पंधरा वर्षांनी मोठी असते, ताट तिचं अर्धं असतं आणि तिची विश्रांती वर्षानुवर्षं चालते.

याची दुसरी बाजू सांगणारा प्रयोग त्याहून जुना आहे. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. नऊ जणांनी कार्यक्रम पुरा केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. चालण्याचा वेगही वाढला. संख्या लहान होती, पण पुढच्या तीन दशकांत अनेक देशांत झालेल्या कामाने तोच निष्कर्ष पक्का केला : स्नायूला वयाची अट नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत व्यायामाला उपचाराचा गाभा म्हटलं आहे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्यांदा दुखणं थोडं वाढू शकतं, पण नियमित केल्यास ते उतरतं, हेही रुग्णाला आधीच सांगावं असं त्या सूचना म्हणतात. आपल्याकडे नेमकं हेच कुणी सांगत नाही. आजी दोन दिवस पाय हलवते, तिसऱ्या दिवशी ठणका लागतो आणि घरचे म्हणतात, "बघा, सांगितलं होतं ना!"

सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि सांधा दाबला-सुटला तरच तो द्रव आतबाहेर फिरतो. सकाळी उठल्यावर धरलेले गुडघे दहा-पंधरा मिनिटांच्या हालचालीनंतर मोकळे होतात, हा अनुभव प्रत्येक आजीला असतो. हालचालीचा फायदा तिचं शरीर रोज सकाळी दाखवून देतं, आणि घर तिला दिवसभर बसवून ठेवतं.

यासाठी पुणेकरांना बोस्टनपर्यंत जायचीही गरज नाही. नदी ओलांडली की मॉडेल कॉलनीत बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली सुरू केलेली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था आहे. अय्यंगारांचं मोठं काम असं, की आसन जमत नसेल तर त्यांनी माणसाला दोष दिला नाही. खुर्ची, पट्टा, लाकडी वीट आणि भिंतीवरचे दोर देऊन त्यांनी आसनच माणसापर्यंत आणलं. दुखणाऱ्या कमरेचा माणूस खुर्चीच्या आधाराने वळू शकतो, गुडघे न वाकणारी आजी भिंतीला टेकून उभी राहू शकते, हे या शहरात हजारोंनी पाहिलं आहे. स्वतः अय्यंगार ९५ वर्षांचे होऊन २०१४ साली गेले आणि नव्वदीतही त्यांचा सराव चालू होता. ज्या गावात हे घडलं, त्याच गावात 'या वयात काय व्यायाम करणार?' हा प्रश्न अजून उत्तरासारखा वापरला जातो, याचं वाईट वाटतं.

पेठेत जिना हा मोठा अडसर आहे, हे खरंच. जुन्या वाड्याचा लाकडी जिना अरुंद, पायऱ्या उंच आणि कठड्याच्या जागी वरून सोडलेला दोर. नव्या इमारतीत लिफ्ट असते, पण ती बंद पडली की आजी दोन-दोन दिवस घरात अडकते. अशा वेळी जिना वर्ज्य करण्याऐवजी तो चढायची रीत शिकवायला हवी. फिजिओथेरपिस्ट सांगतात ती रीत साधी आहे : चढताना बरा पाय आधी वर ठेवायचा, उतरताना दुखरा पाय आधी खाली. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकले की मगच पुढची पायरी. आणि दिवसातून दोनदा, पाठ भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्चीतून हाताचा आधार कमी-कमी करत उठणं आणि सावकाश बसणं. सुरुवातीला पाच वेळा, मग आठ, मग दहा. त्यासाठी यंत्र, क्लास किंवा खास कपडे लागत नाहीत. शेजारी एक माणूस उभं राहायला लागतं.

दुसरा नियम हलक्या जेवणाचा आहे आणि तो जास्त खोल रुजलेला आहे. घरातल्या बायकांनी शेवटी आणि कमी जेवायचं, ही सवय मागच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. याच पेठांमधल्या विधवांनी एकभुक्त राहायचं असा एके काळी दंडक होता. दंडक गेला, पण कमी खाण्यातला चांगुलपणा गेला नाही. "मला कितीसं लागतं?" असं आजी म्हणते तेव्हा घरात कुणाला काळजी वाटत नाही, उलट कौतुक होतं.

तिच्या दिवसभराच्या ताटाचा हिशेब मांडून पाहू. सकाळी चहा आणि चार बिस्किटं. दुपारी दोन लहान पोळ्या, पळीभर भाजी, वाटीभर पातळ वरण, मूठभर भात, पेलाभर ताक. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री मऊ भात, मेतकूट, तूप. ढोबळ मानाने यात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं निघतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा मापदंड दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे ५० किलोच्या आजीला साधारण ४१ ग्रॅम हवीत. म्हातारपणी शरीर प्रथिनांचा उपयोग कमी कार्यक्षमतेने करतं, म्हणून २०१३ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ६५ वर्षांवरच्यांसाठी दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅमची शिफारस केली. त्या हिशेबाने आजीला ५० ते ६० ग्रॅम हवीत, आणि मिळतात निम्मी. एकादशी, चतुर्थी आणि सोमवार धरले तर आणखी कमी, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. खिचडीतून जे काही पोषण मिळतं ते दाण्याच्या कुटाचं.

ही तूट भरायला महागडे डबे लागत नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या सूचनांत प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असंच म्हटलं आहे. पेलाभर दूध सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट दही पाच, मूठभर शेंगदाणे किंवा त्यांचं कूट सात, मुगाची वाटीभर उसळ सहा-सात, भिजवलेल्या मूगडाळीची दोन धिरडी दहाच्या वर. जिथे चालतं तिथे एक अंडं सहा ग्रॅम. सकाळच्या बिस्किटांच्या जागी धिरडं, दुपारी वरण पातळ न करता घट्ट, संध्याकाळी लाडू किंवा पेलाभर दूध, उपवासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा, दही आणि दाण्याची आमटी. यातलं काहीही पेठेतल्या स्वयंपाकघराला परकं नाही.

इथे घरातलं वडीलधारं माणूस हमखास हरकत घेतं : डाळी वातूळ असतात, त्यांनी सांधे धरतात. या हरकतीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण त्यामागचा अनुभव खरा आहे. हरभरा आणि वाटाणा खाल्ल्यावर म्हाताऱ्या माणसाचं पोट फुगतं, त्याला अस्वस्थ वाटतं, रात्र खराब जाते आणि खराब झोपेनंतर दुसऱ्या दिवशी अंग जास्त दुखतं. पण यावरचा उतारा परंपरेतच आहे. मूग सोसतो, म्हणूनच तो आजाऱ्याला देतात. कडधान्य भिजवून, मोड आणून, हिंग-आलं-जिऱ्याची फोडणी देऊन मऊ शिजवलं तर बहुतेकांना पचतं. कुळथाचं कढण आणि मुगाचं कढण ही आपल्याच घरांतली पथ्याची पक्वान्नं आहेत. सगळी कडधान्यं बंद करून भातावर ठेवणं हा परंपरेचा अर्थ नाही. आणि कित्येकदा खरी अडचण पोटात नसून तोंडात असते. सैल झालेली कवळी हिरड्यांना बोचते, म्हणून आजी चावायचं सगळं सोडून देते आणि "तोंडाला चव नाही" म्हणते. अशा वेळी दातांच्या डॉक्टरांकडची एक फेरी आहाराच्या दहा सल्ल्यांहून उपयोगी पडते.

प्रथिनांच्या जोडीला दुसरी एक तूट आहे आणि तिचा पुरावा पुण्यातलाच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के लोकांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. शाकाहारी लोकांत ते कमी असण्याची शक्यता चौपटीहून जास्त होती. हे लोक वरकरणी निरोगी होते. ब-१२ फार काळ कमी राहिलं तर मज्जातंतूंना इजा होते. तळपायांची आग, मुंग्या, बधिरपणा आणि चालताना तोल जाणं ही त्याची लक्षणं. आजोबा "पाय दुखतात" एवढंच म्हणतात, घरचे गुडघ्याला तेल लावतात, आणि ज्या तुटीवर स्वस्त गोळ्या किंवा इंजेक्शनं मिळतात ती तशीच राहते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्याने ब-१२चं शोषण आणखी घटतं, आणि पेठेतल्या कित्येक आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यात या दोन्ही असतात. म्हणून पाय दुखतात असं म्हणणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न विचारायला हवा : ठणकतात, की आग होते, की मुंग्या येतात? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपाय वेगळा.

तो डबा एकदा उघडून पाहण्यासारखा असतो. बहुधा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात कात्रीने कापलेल्या पट्ट्या, एकेका पट्टीवर दोन-तीन गोळ्या उरलेल्या, नाव अर्धं आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर गेलेली. दुखण्याची गोळी, तिच्याबरोबरची 'गॅसची गोळी', शेजारणीने दिलेली एक, मागच्या वर्षीच्या डॉक्टरांची एक आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी. ही पुडी ठरावीक आठवडे घ्यायची असते. पण बंद करायला कुणी सांगितलं नाही म्हणून ती वर्षभर चालू राहते आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवू शकते.

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक या गटातल्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनवरच्या आहेत, तरी त्या भाजीसारख्या मागून आणल्या जातात. चार-आठ दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग आहे. महिनोन्महिने घेतल्या तर जठरात व्रण आणि रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड दुबळं होतं. अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीच्या वृद्धांसाठीच्या २०२३च्या बीअर्स यादीत या गोळ्यांचा दीर्घ वापर टाळण्याचा इशारा आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक अशी तिन्ही एकत्र आली तर मूत्रपिंड अचानक बंद पडण्याचा धोका वाढतो. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे, त्यांची मढी खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन देशातली गिधाडं नाहीशी होत गेली, म्हणून २००६ साली या औषधाचा पशुवैद्यकीय वापर भारतात बंद करण्यात आला. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाएवढं नाजूक नाही. पण ऐंशी वर्षांच्या मूत्रपिंडावर हाच भार वर्षानुवर्षं टाकताना निदान विचार तरी करायला हवा.

त्यात एक गोष्ट अशी, जी घरात कुणाच्या लक्षात येत नाही. उठताना गुडघे दुखतात म्हणून आजी पाणीच कमी पिते. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी सहानंतर ती पेल्याला हात लावत नाही. कमी पाणी आणि वेदनाशामक गोळी ही जोडी मूत्रपिंडाला घातक आहे, शिवाय बद्धकोष्ठ होतं, भूक मंदावते आणि जेवण आणखी कमी होतं. तिला पाणी प्यायचा उपदेश करून उपयोग नाही. शौचालयात भिंतीला घट्ट बसवलेला दांडा आणि कमोडची उंच खुर्ची आली, की ती आपोआप पाणी पिते.

'हर्बल आहे, अपाय नाही' म्हणून घेतल्या जाणाऱ्या पुड्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. २००४ साली बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. प्रशिक्षित वैद्याने नाडी पाहून, नाव लिहून दिलेलं औषध वेगळं, आणि कुणाच्या तरी मावसभावाकडून आलेली, घटकांची नावं नसलेली पुडी वेगळी. दुसरीवर विश्वास ठेवणं हा आयुर्वेदाचाही अपमान आहे.

आता 'वयोमानाप्रमाणे' या पहिल्या उत्तराकडे. एक्स-रेवर झीज दिसली की दुखण्याचं कारण सापडलं असं सगळे समजतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. त्यांत ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांच्या चकत्यांत झीज दिसली. दुखत कुणाचंच नव्हतं. झीज ही वयाची खूण आहे. दुखणं मात्र स्नायूंची ताकद, झोप, वजन, एकटेपणा, सूज अशा अनेक गोष्टींवर ठरतं, आणि त्यातल्या बऱ्याच बदलता येतात. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यासाठी तर पुरावा ठोस आहे. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाने गुडघेदुखी असलेल्या, वजन जास्त असलेल्या, ५५ वर्षांवरच्या ४५४ जणांचा दीड वर्ष अभ्यास केला. २०१३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत, आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक उतरलं. किरकोळ अंगाच्या आजीला मात्र वजन घटवायचं नाही, मांस वाढवायचं आहे. एकच सल्ला दोघींना देऊन चालत नाही.

'वय झालं' म्हणण्यातला दुसरा धोका जास्त गंभीर आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने भिगवणला घरोघर पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी १८ टक्क्यांहून अधिक लोकांना स्नायू-सांध्यांचं दुखणं होतं, आणि ते फक्त म्हाताऱ्यांना नव्हतं. त्यांत संधिवाताचे रुग्णही होते, ज्यांना वेळेवर औषध मिळालं तर सांधे वाचतात. सगळ्या दुखण्यांवर वयाचा शिक्का मारला की असे आजार मागे पडतात. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, कारण नसताना उतरणारं वजन, सुजलेला गरम सांधा, पडल्यानंतरची कंबरदुखी, लघवीवरचा ताबा सुटणं : यांतलं एकही लक्षण असेल तर व्यायाम आणि धिरड्यांच्या आधी डॉक्टर. सूज ताजी असेल तेव्हा काही दिवसांची विश्रांतीही योग्यच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. हे अपवाद मोठे आहेत. पण अपवादांच्या आडून सगळ्यांनाच खुर्चीत बसवणं समर्थनीय ठरत नाही.

या सगळ्यावरची सगळ्यात वजनदार हरकत वैद्यकीय नाही, घरगुती आहे. हे करणार कोण? आज उत्तर एकच असतं : सून. तीच पन्नाशी-पंचावन्नची असते, तिचेही गुडघे बोलायला लागलेले असतात, आणि सासूबाईंसाठी वेगळं धिरडं, वेगळी आमटी, सकाळ-संध्याकाळ व्यायाम अशी यादी तिच्या हाती देणं हा अन्याय आहे. म्हणून वेगळा स्वयंपाक करायचाच नाही. घट्ट वरण, उसळ, दही आणि राजगिरा सगळ्या घराने खावा, पन्नाशीतल्या सुनेलाही त्याची तेवढीच गरज आहे. आणि व्यायाम, डबा, डॉक्टर, दांडा बसवणारा कारागीर ही कामं मुलगा आणि नातवंडांनी वाटून घ्यावीत. नातू परदेशात असेल तर त्याने व्हिडिओ कॉलवर रोज "काय जेवलीस?" विचारून थांबू नये. त्याच दहा मिनिटांत आजीला खुर्चीतून उठ-बस करायला लावावी आणि मोजावी. आजीला आवडत असेल तरच, हेही खरं. नातवंडांचा उत्साह कधी-कधी हुकमावर जातो. गोड बंद, मीठ बंद, भात बंद. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांना जेवू घातलं तिच्या ताटावर पहारा बसवणं ही मदत नव्हे. काय खायचं आणि कशाने दुखणं वाढतं, हे तिच्याशी बोलून ठरवायचं.

सरकारचा वाटाही मोजायला हवा. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. म्हणजे गुडघा बदलायचा खर्च निघू शकतो, तो बदलावा लागू नये म्हणून घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा निघत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. योजना चांगली आहे, रक्कम अपुरी आहे. आणि पेठेतल्या पदपथांवर दुचाक्या उभ्या असतील, तर वॉकर घेऊन आजोबांनी चालायचं कुठे? महापालिकेने प्रभागातल्या दवाखान्यांत आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवला, ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभागृहांत खुर्चीवरच्या व्यायामाचे वर्ग चालवले आणि पदपथ मोकळे ठेवले, तर कित्येक शस्त्रक्रिया पुढे ढकलता येतील. ही मागणी संघांनी आणि नगरसेवकांनी लावून धरायला हवी.

तोवर घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. या आठवड्यात आजी-आजोबांच्या शेजारी बसून तो गोळ्यांचा डबा रिकामा करा, प्रत्येक औषधाचं नाव कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांना भेटा. ब-१२ आणि मूत्रपिंडाची तपासणी मागून घ्या. शौचालयात दांडा बसवून घ्या. सकाळची बिस्किटं काढून धिरडं द्या, खुर्चीतून उठ-बस सुरू करा आणि पहिल्या दोन आठवड्यांचा ठणका धीराने सोसायला त्यांच्या सोबत राहा. दीड-दोन महिन्यांनी फरक पडला नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जा, आणि तिथे कुणी 'वय झालं' म्हटलं तर ते उत्तर स्वीकारू नका.